लपविण्याचे पुस्तक आणि देण्याचे पुस्तक : कोलकात्यातील प्रणयकादंबरीचा वाचक, कागद आणि पडदा

१

प्रणयकादंबरीच्या वाचकाला छापील पुस्तक अधिक प्रिय की ई-पुस्तक, हा प्रश्न बहुधा ग्रंथव्यवसायाच्या अंगाने विचारला जातो आणि त्याचे उत्तर विक्रीच्या आकड्यांत शोधले जाते. गेल्या दोन दशकांचा जागतिक अनुभव मात्र या पद्धतीची मर्यादा दाखवितो. हार्लेक्विन या प्रणयकादंबऱ्यांच्या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने २००७ साली आपली सर्व नवी पुस्तके ई-स्वरूपातही देण्यास प्रारंभ केला, तेव्हा इतर वाङ्मयप्रकारांचे प्रकाशक अद्याप चाचपडत होते. २०११-१२ मध्ये ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ या कादंबरीच्या प्रसारात ई-आवृत्तीचा वाटा मोठा होता. प्रणयकादंबरी आता कागद सोडणार, असे निदान तेव्हा केले गेले. पुढे २०२० नंतर समाजमाध्यमांवरील लघुचित्रफितींमधून प्रणयकादंबऱ्यांची जी लाट उसळली, तिने छापील पुस्तकालाच पुन्हा मागणी आणली. पानांच्या कडा रंगविलेल्या, मुखपृष्ठ नटविलेल्या आवृत्त्या तरुण वाचक संग्रहासाठी घेऊ लागले. एकच वाङ्मयप्रकार पडद्याकडे जाण्यातही अग्रेसर आणि कागदाकडे परतण्यातही अग्रेसर ठरावा, हे केवळ आवडीच्या चंचलतेने उलगडत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार कोलकात्याच्या संदर्भात आणि मराठी वाचनव्यवहाराशी तुलना करीत केला आहे. कोलकात्याची निवड दोन कारणांसाठी आहे. भारतीय भाषांतील स्वस्त छापील प्रेमकथेचा बाजार या शहरात फार लवकर उभा राहिला, आणि त्या बाजाराची नोंदही तितक्याच लवकर घेतली गेली. दुसरे असे की मराठी प्रणयकादंबरीच्या घडणीत बंगाली कादंबरीचा वाटा आहे. शरच्चंद्रांना मराठीत आणणारे मामा वरेरकर आणि बंगालीच्या ओढीने ‘मित्र’ हे आडनाव धारण करणारे ‘मनोरंजन’कार काशीनाथ रघुनाथ आजगावकर ही दोन नावे या संदर्भात पुरेशी बोलकी आहेत.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल. प्रणयकादंबरीचा वाचक पुस्तकाकडून परस्परविरोधी अशा दोन गोष्टींची अपेक्षा करतो. ते लपविता यावे, ही एक; आणि ते कोणाला तरी देता यावे, ही दुसरी. कागद आणि पडदा यांतील निवड या दोन गरजांच्या ताणातून होते. म्हणून ‘कोणते माध्यम आवडते’ या प्रश्नाऐवजी ‘वाचनाच्या कोणत्या क्षणी, कोणत्या नात्यात, कोणते माध्यम हवे असते’ असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. आणि या निवडीतून वाचकाच्या सोयीपलीकडचेही काही पणाला लागते : वाचनाच्या इतिहासाची साधने.

२

कोलकात्यातील प्रेमकथेचा छापील व्यवहार बटतल्यापासून सुरू होतो. शोभाबाजार, चितपूर या परिसरातील छोट्या छापखान्यांना मिळून हे नाव पडले आणि पुढे ते एका अभिरुचीचे, बव्हंशी निंदाव्यंजक, नाव झाले. पंचांगे, पौराणिक कथा, प्रहसने यांच्या जोडीने ‘विद्यासुंदर’सारखी शृंगारिक आख्याने आणि फारसी-उर्दू दास्तानांवर बेतलेल्या प्रेमकहाण्या येथून निघत. रेव्हरंड जेम्स लाँग यांनी १८५५ साली सुमारे चौदाशे बंगाली ग्रंथांची वर्णनात्मक सूची केली आणि १८५७ सालच्या बंगाली प्रकाशनांचा अहवाल १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या अहवालानुसार १८५७ या एका वर्षात कोलकात्यात विक्रीसाठी छापलेल्या बंगाली पुस्तकांच्या प्रतींची संख्या ५,७१,६७० होती.

या आकड्याइतकेच लाँग यांचे दुसरे निरीक्षण आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. एका प्रतीला सरासरी दहा वाचक अथवा श्रोते मिळतात, असे त्यांनी धरले होते. पुस्तके दुकानांतून कमी आणि डोक्यावर गाठोडे घेऊन हिंडणाऱ्या फेरीवाल्यांकडून अधिक विकली जात. म्हणजे बटतल्याची प्रेमकथा ही आरंभापासूनच हातोहात फिरणारी, मोठ्याने वाचली जाणारी, एकाने विकत घेऊन अनेकांनी उपभोगण्याची वस्तू होती. एकांतात बसून मुकाट्याने वाचणारी व्यक्ती हे प्रणयकादंबरीच्या वाचकाचे जे चित्र आपण गृहीत धरतो, ते येथे लागू पडत नाही.

याच काळातील मराठी स्थिती पडताळून पाहण्यासारखी आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ ची. कालदृष्ट्या या कृती शेजारच्या आहेत. मात्र मराठीतील अद्भुतरम्य कादंबरीला बटतल्यासारखी बाजारपेठेची पूर्वपीठिका लाभली नव्हती. बंगालीत कादंबरीला आपली प्रतिष्ठा बटतल्यापासून अंतर राखून मिळवावी लागली. ‘ही बटतल्याची नव्हे’ हे सांगण्याची गरज बंगाली प्रणयकादंबरीला सदैव वाटत राहिली, आणि म्हणून तिच्या वाचकाला आपण काय वाचतो हे दाखविण्याची व दडविण्याची जाणीवही अधिक तीव्र राहिली.

३

लपविण्याच्या गरजेकडे प्रथम वळू. जोडासांकोच्या ठाकूरवाड्यातील अंतःपुरात पुस्तके घेऊन येणाऱ्या मालिनीविषयी स्वर्णकुमारी देवींनी लिहून ठेवले आहे. ती बटतल्याची नवी पुस्तके घेऊन आली की अंतःपुरात एकच उत्साह पसरे. ज्या स्त्रियांना दुकानात जाता येत नव्हते, त्यांच्यासाठी दुकानच घरात येत होते, आणि तेही स्त्रीच्या हातून. पूर्व बंगालातील राससुंदरी देवींची गोष्ट याहून कठोर आहे. ‘आमार जीबन’ या १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्या सांगतात की, ‘चैतन्यभागवता’चे एक सुटे पान स्वयंपाकघरात दडवून त्यांनी अक्षरओळख करून घेतली. हा ग्रंथ प्रणयकथेचा नव्हे, भक्तीचा. तरीही तो लपवावा लागला, कारण आक्षेप मजकुरावर नव्हता, वाचण्याच्या कृतीवरच होता.

हा भेद पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवला पाहिजे. पुस्तक दोन कारणांसाठी लपविले जाते : आत काय आहे ते कळू नये म्हणून, आणि आपण वाचीत आहोत हेच कळू नये म्हणून. मराठी घरांतून फिरत्या वाचनालयाचे पुस्तक पहिल्या कारणाने लपविले जाई. चंद्रकांत काकोडकर किंवा बाबा कदम यांची कादंबरी वाचनालयाच्या जाड पुठ्ठ्यात बांधलेली असे. मूळचे मुखपृष्ठ गेलेले, वर केवळ क्रमांकाची चिठ्ठी. हे बांधणीचे काम पुस्तक टिकावे म्हणून होत असले, तरी त्यामुळे वाचणाऱ्याला आडोसाही मिळत होता. ना. सी. फडके यांची कादंबरी आणि काकोडकरांची कादंबरी या दोहोंना तो पुठ्ठा एकाच पातळीवर आणीत असे.

छापील पुस्तकाच्या उघडेपणाचा कायदेशीर परिणाम बंगालीत आणि मराठीत जवळजवळ एकाच काळात दिसला, ही तुलना उद्बोधक आहे. काकोडकरांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून तिच्यावर खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. समरेश बसू यांची ‘प्रजापति’ १९६७ च्या शारदीय ‘देश’मध्ये आली, तिच्यावरील खटला सर्वोच्च न्यायालयात १९८५ मध्ये लेखकाच्या बाजूने निकाली निघाला. ‘प्रजापति’ ही रूढ अर्थाने प्रणयकादंबरी नव्हे, आणि ‘शामा’ची जातकुळी निराळी आहे. तथापि दोन्ही कृती सणाच्या अंकांत आल्या, हे साम्य लक्षणीय आहे. दिवाळी अंक आणि पूजेचा अंक हे घरातील सर्वांच्या हाती पडणारे छापील रूप. दोन्ही निकालांत न्यायालयाने लेखन कोणत्या वाचकांच्या हाती पडेल आणि त्यांच्यावर काय परिणाम होईल, याचा विचार केला. ‘हाती पडणे’ हा निकष कागदाच्या जगातला आहे. दिवाणखान्यात पडलेला अंक कोणीही उचलू शकतो, हे गृहीत त्यामागे आहे.

ई-पुस्तकाने नेमके हे गृहीतच मोडले. पडद्यावरील कादंबरीला बाहेरून दिसणारे मुखपृष्ठ नसते. ती टेबलावर उघडी राहत नाही, उशीखाली सापडत नाही. मेट्रोत किंवा लोकलमध्ये शेजारच्याला ती ओळखू येत नाही. प्रणयकादंबरीच्या वाचकांनी ई-पुस्तक लवकर स्वीकारले, यामागे ही निर्धास्तता हे एक प्रमुख कारण मानले जाते, आणि ते योग्य आहे. मालिनीचे गाठोडे, वाचनालयाचा पुठ्ठा आणि भ्रमणध्वनीचा पडदा अशी ही एक सलग परंपराच आहे.

परंतु येथे एक प्रश्न उद्भवतो. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासात अमेरिकेतील एका लहान शहरामधील प्रणयकादंबरीच्या वाचक स्त्रियांशी बोलून असे दाखविले की, या स्त्रियांसाठी कथानकाइतकीच वाचनाची कृती महत्त्वाची होती. हातात पुस्तक धरणे म्हणजे घरच्यांना ‘हा वेळ माझा आहे’ असे सांगणे होते. रॅडवे यांचे निष्कर्ष मर्यादित नमुन्यावर आधारलेले आहेत आणि भारतीय कुटुंबव्यवस्थेला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही त्यांच्यातील मर्म येथे उपयोगी पडते. छापील पुस्तक मजकूर उघड करते, पण त्याबरोबर वाचनाचा हक्कही उघडपणे मांडते. पडदा मजकूर झाकतो आणि त्याबरोबर वाचनही झाकतो. भ्रमणध्वनी हाती घेतलेली स्त्री ‘वाचीत आहे’ असे घरात कोणी समजत नाही. ती रिकामी आहे, तिला हाक मारता येईल, असेच समजले जाते. राससुंदरींनी स्वयंपाकघरात दडविलेले पान आणि आजच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने वाचला जाणारा कादंबरीचा हप्ता यांत दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर असले, तरी वाचन हे उघड काम म्हणून मान्य न होण्याची अवस्था दोहोंत समान आहे. ई-पुस्तकाने मिळणारा एकांत हा लाभ आहेच. पण तो अधिकार म्हणून मिळालेला नसून आडोसा म्हणून मिळालेला आहे. या फरकाकडे ई-पुस्तकाचे समर्थक फारसे पाहत नाहीत.

४

आता दुसरी गरज. बंगाली मध्यमवर्गात लग्नात पुस्तक भेट देण्याची चाल विसाव्या शतकात चांगलीच रूढ होती. कादंबऱ्यांच्या आरंभी ‘उपहार’ असा मथळा असलेले एक पान छापलेले असे. मराठीत ‘उपाहारा’शी गल्लत होणारा हा शब्द बंगालीत भेट या अर्थाने सर्रास वापरला जातो. त्या पानावर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, तारीख लिहिण्यासाठी जागा सोडलेली असे. पुस्तकात वाचकासाठी कोरे पान छापणे ही मुद्रणाच्या इतिहासातील लहानशी, पण अर्थपूर्ण गोष्ट आहे. येथे प्रकाशकानेच मान्य केले आहे की हे पुस्तक केवळ वाचण्यासाठी नाही. दोन माणसांमधील नात्याची नोंद करण्यासाठीही आहे.

प्रणयकादंबरीच्या बाबतीत या पानाला निराळे वजन येते. शरच्चंद्रांची ‘परिणीता’ (१९१४) किंवा ‘देवदास’ (१९१७), रवींद्रनाथांची ‘शेषेर कविता’ (१९२९) ही पुस्तके जेव्हा एका तरुणाने एका तरुणीला दिली, तेव्हा त्याने स्वतःला जे म्हणता येत नव्हते ते कादंबरीकडून म्हणवून घेतले. ज्या समाजात प्रेमपत्र पकडले जाण्याचे भय होते, तेथे पुस्तक हे सभ्य पत्र होते. ते वडीलधाऱ्यांसमोर देता येत होते. ‘उपहार’ पानावर ‘स्नेहाच्या’ इतक्याच शब्दांनी काम भागत होते. उरलेला अर्थ कथानकात होता. लपविणे आणि देणे या दोन गरजा येथे एकाच वस्तूत एकत्र येतात. पुस्तक उघडपणे दिले जाते आणि त्यातला आशय मात्र दोघांतच राहतो.

या उंबरठ्याचे सर्वांत सूक्ष्म चित्रण रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) मध्ये आहे. चारू आणि अमल यांच्यातील लेखनवाचन हे दोघांचे खासगी विश्व आहे. अमल आपले लेखन मासिकात छापून आणतो, तेव्हा चारूला आनंदाऐवजी यातना होतात, कारण जे दोघांचे होते ते सर्वांचे झाले. छापणे म्हणजे प्रसिद्धी, आणि प्रसिद्धी म्हणजे खासगीपणाचा भंग, हे समीकरण येथे एका नात्याच्या शोकांतिकेला गती देते. सत्यजित राय यांनी या कथेवर १९६४ मध्ये ‘चारुलता’ केला. त्याच्या आरंभीच्या दृश्यांत एकाकी चारू कपाटातून बंकिमचंद्रांचे पुस्तक काढते. छापील कादंबरी ही तिची सोबत आहे, आणि छापील मासिक हे तिच्या दुःखाचे निमित्त. माध्यम एकच, नाते बदलताच त्याचा अर्थ उलटा होतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर माध्यमाच्या गुणधर्मांत नाही, याची यापेक्षा चांगली साक्ष मिळणे कठीण.

ई-पुस्तक देता येते का? तांत्रिकदृष्ट्या येते. धारिका पाठविता येते, दुवा पाठविता येतो, काही दुकानांतून भेट म्हणून खरेदीही करता येते. परंतु दिल्यानंतर देणाऱ्याकडे काही कमी होत नाही आणि घेणाऱ्याकडे राहिलेल्या प्रतीवर देण्याची खूण उमटत नाही. शिवाय विकत घेतलेले ई-पुस्तक पुष्कळदा मालकीचे नसते, वापरण्याचा परवाना असतो. २००९ साली अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या विकल्या गेलेल्या ई-प्रती वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, तेव्हा हा फरक जगाच्या ध्यानात आला. दिलेली भेट दुकानदाराला परत नेता येणे ही कल्पना कागदाच्या व्यवहारात बसत नाही.

म्हणूनच कोलकात्यातील छापील पुस्तकाचा व्यवहार हा दुकानापुरता नाही. कॉलेज स्ट्रीटचा बोईपाडा, तेथील जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या आणि १९७६ पासून भरणारा पुस्तकमेळा यांत पुस्तक घेणे हे बरोबरीने हिंडण्याचे निमित्त असते. मेळ्याची जागा बदलली. मैदानावरून तो हलला, २०१८ पासून सॉल्ट लेकमध्ये भरू लागला. पण दोघांनी मिळून पुस्तक शोधण्याची रीत तीच राहिली. पडद्यावरील खरेदीत हे ‘दोघांनी मिळून’ नाही. दुसऱ्या बाजूने कागदाची नश्वरताही या शहराने अनुभवली आहे. १९९७ मध्ये मेळ्याला आग लागली. २० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान वादळानंतर कॉलेज स्ट्रीटच्या पाण्यात पुस्तके तरंगत होती. कागद टिकतो म्हणून तो प्रिय आहे, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. तो भिजतो, जळतो, त्याला वाळवी लागते. आणि नाश पावू शकणारी वस्तू कोणीतरी सांभाळून ठेवली, हेच त्या वस्तूचे मोल असते.

५

वाचकाच्या आवडीची चर्चा करताना काय उपलब्ध आहे, हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. पुष्कळदा ज्याला आपण पसंती म्हणतो, ती वस्तुतः उपलब्धतेची छाया असते. येथे बंगाली आणि मराठी यांतील तफावत स्पष्ट दिसते.

शरच्चंद्रांचे निधन १९३८ साली झाले. तत्कालीन कायद्यातील पन्नास वर्षांच्या मुदतीनुसार त्यांच्या कृतींवरील प्रताधिकार १९८८ अखेर संपला. रवींद्रनाथांच्या कृतींची मुदत १९९१ अखेर संपत असताना ती वाढविण्यासाठी कायदा बदलण्यात आला आणि साठ वर्षांची मुदत लागू झाली. त्यानुसार त्यांचे साहित्य २००१ च्या अखेरीस मुक्त झाले. म्हणजे बंकिमचंद्र, रवींद्रनाथ आणि शरच्चंद्र हा बंगाली प्रेमकादंबरीचा मुख्य वारसा ई-पुस्तकांचा प्रसार होण्यापूर्वीच प्रताधिकारमुक्त झाला होता. जादवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘विचित्रा’ या प्रकल्पात रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांपासून छापील आवृत्त्यांपर्यंतचे पाठ पडद्यावर पाहता येतात. मराठीत प्रणयकादंबरीचे जे युग मानले जाते ते फडके-खांडेकरांचे. खांडेकर १९७६ साली आणि फडके १९७८ साली निवर्तले. सध्याच्या मुदतीप्रमाणे त्यांच्या कृती अनुक्रमे २०३६ आणि २०३८ च्या अखेरीपर्यंत प्रताधिकाराखाली आहेत. बंगाली वाचकाला अभिजात प्रेमकथा पडद्यावर मुक्तपणे मिळते. मराठी वाचकाला ती तशी मिळत नाही. पडद्यावर मुक्तपणे मिळते ते एकतर फार जुने, नाहीतर अगदी नवे, नवोदितांनी स्वतः प्रसिद्ध केलेले लेखन.

लिपी आणि यंत्रे यांच्या बाबतीत पारडे उलट दिशेला झुकते. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर भारतीय भाषांतील पुस्तके आणली, ती हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात बंगाली मातृभाषा असलेले सुमारे ९ कोटी ७२ लाख आणि मराठी मातृभाषा असलेले सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते. तरीही त्या यादीत बंगाली नव्हती. देवनागरीच्या बाबतीत हिंदीबरोबर मराठीचाही लाभ झाला असेल, पण गुजराती, तमिळ व मल्याळम यांचा समावेश पाहता लिपी हे एकमेव कारण मानता येत नाही. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की बंगाली वाचकाच्या परिचयाचे ई-पुस्तक दीर्घकाळ म्हणजे छापील पुस्तकाच्या पानांची छायाचित्रेच होती. पश्चिम बंगालमधील सार्वजनिक ग्रंथालयांनी जुनी पुस्तके अशा प्रतिमांच्या रूपात खुली केली आहेत. त्यांत ग्रंथालयाचा शिक्का असतो, डाग असतात, एखाद्या वाचकाने पेन्सिलीने ओढलेली रेघ असते. अशा धारिकेला ई-पुस्तक म्हणावे की छापील प्रतीची सावली, हे ठरविणे सोपे नाही. कागद आणि पडदा हे दोन ध्रुव मानणारी चर्चा या मधल्या रूपाला विसरते.

अगदी नव्या लेखनाचे चित्र दोन्ही भाषांत मात्र जवळजवळ सारखे आहे. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या मंचांवर बंगाली आणि मराठी प्रेमकथा हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होतात. हप्त्यांत वाचणे ही कोलकात्याला नवी गोष्ट नाही. ‘विषवृक्ष’ १८७२ पासून ‘बंगदर्शन’मध्ये क्रमशः आली होती. नवेपणा आहे तो पुढील हप्त्याची वाट पाहणाऱ्या वाचकाची लेखकाशी थेट गाठ पडण्यात. लाँग यांच्या काळातील दहा श्रोत्यांचा समुदाय येथे वेगळ्या रूपाने परततो. लपून वाचणारी व्यक्ती पडद्यावर एकटी असतेच असे नाही.

६

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की दोन्ही माध्यमे आपापल्या जागी राहतील आणि प्रश्न मिटेल. वाचकाच्या सोयीपुरता तो मिटतोही. परंतु साहित्येतिहासाच्या अभ्यासकाला तो इतक्यात सोडता येत नाही.

बटतल्याविषयी आज आपण जे काही जाणतो, ते कशाच्या आधारे? लाँग यांच्या सूची आहेत. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करण्याचे आणि त्यांची त्रैमासिक सूची प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. नाव, छापखाना, पृष्ठे, प्रतींची संख्या, किंमत यांची नोंद त्यांत होत असे. या नोंदींमागे वाङ्मयप्रेम नव्हते, देखरेख होती. लाँग स्वतः अश्लील पुस्तकांच्या बंदोबस्ताचे पुरस्कर्ते होते. पण त्या देखरेखीमुळेच ज्या पुस्तकांना कोणत्याही प्रतिष्ठित संग्रहात जागा मिळाली नसती, त्यांची स्मृती टिकली. श्रीपांथ, सुमंत बॅनर्जी, अनिंदिता घोष, गौतम भद्र यांनी बटतल्याचा जो इतिहास लिहिला, त्याला अशा नोंदींचा आणि तगून राहिलेल्या प्रतींचा भक्कम आधार आहे. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पुस्तके देणे प्रकाशकावर बंधनकारक झाले. त्या कायद्याच्या मूळ व्याख्येत ग्रंथ म्हणजे मुद्रित अथवा शिलामुद्रित वस्तू. पुढे १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली; तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला आणि त्याच्या कक्षेतून पुस्तके वगळण्यात आली.

प्रणयकादंबरीचा वाचक, विशेषतः स्त्री वाचक, आपल्या वाचनाविषयी लिहून ठेवत नाही. तिची साक्ष असते ती प्रतीवर : ‘उपहार’ पानावरील दोन नावे, दुमडलेला कोपरा, समासातील खूण, वाचनालयाच्या चिठ्ठीवरील तारखांची रांग. ई-पुस्तक वाचणारीही खुणा ठेवते, किंबहुना कितीतरी अधिक. कोणत्या पानावर ती थांबली, कोणते वाक्य तिने अधोरेखित केले, कोणत्या प्रकरणानंतर तिने पुस्तक सोडले, हे सारे नोंदले जाऊ शकते. मात्र ती नोंद तिच्या प्रतीवर राहत नाही. विक्रेत्या कंपनीकडे जमा होते. इंग्रजी सरकारची देखरेख निदान सूचीच्या रूपाने प्रसिद्ध होत होती आणि आज ती कोणालाही पाहता येते. आताची नोंद अधिक तपशीलवार आहे, पण ती खासगी मालमत्ता आहे. घरच्यांपासून लपलेली वाचक दुकानदारापासून लपलेली नाही. आणि शंभर वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला मात्र ती सापडणार नाही.

ही केवळ साधनांच्या जतनाची बाब नाही. ज्या वाङ्मयप्रकाराला समीक्षेने नेहमी खालची पायरी दिली, त्याचा इतिहास वाचकांच्या बाजूनेच लिहावा लागतो. वाचकांचे पुरावे उरले नाहीत, तर प्रणयकादंबरीविषयी बोलायला केवळ तिचे निंदक उरतील, जसे बटतल्याविषयी दीर्घकाळ उरले होते.

७

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. कोलकात्यातील प्रणयकादंबरीच्या वाचनाचा इतिहास पाहता कागद आणि पडदा यांतील निवड ही अभिरुचीची निवड नसून नात्यांची निवड आहे. एकांत हवा असतो तेव्हा वाचक पडद्याकडे वळतो. भावना कोणाच्या तरी हाती सोपवायची असते तेव्हा कागदाकडे. या निवडीवर प्रताधिकाराची मुदत, लिपीची यांत्रिक सोय आणि बाजाराची रचना यांचे बंधन असते, आणि ते बंधन बंगालीत व मराठीत भिन्न आहे. म्हणून एका भाषेतील वाचकांच्या पसंतीवरून दुसऱ्या भाषेविषयी अनुमान काढणे सदोष ठरेल.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी या क्षेत्रात दोन कामे हाती घेणे अगत्याचे वाटते. जुन्या प्रतींवरील ‘उपहार’ पानांची आणि वाचनालयांच्या चिठ्ठ्यांची, बंगाली आणि मराठी अशी एकत्र, पद्धतशीर नोंद करणे, हे पहिले. खासगी व्यक्तींची नावे प्रसिद्ध न करताही तारीख, स्थळ, पुस्तक आणि नात्याचा उल्लेख यांवरून पुष्कळ काही हाती लागेल. दुसरे म्हणजे, भारतीय भाषांतील ई-पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांत जमा होण्याची तरतूद व्हावी, असा आग्रह धरणे. जुनी प्रणयकादंबरी फेरीवाल्याच्या गाठोड्यातून राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत पोहोचली, तिला दीड शतक लागले. आजच्या हप्त्यांना त्या कपाटाकडे जाणारी वाट अजून आखलेलीच नाही, आणि ती आखण्याचे काम वाचकांचे नसून अभ्यासकांचे आहे.